विश्रांतीमीमांसा : महाड-पोलादपूर खंड

श्रमांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. विश्रांतीविषयी शास्त्रकार गप्प आहेत. बहुधा ती घेत असावेत. म्हणून हा प्रबंध. विषय आटोपशीर आहे : डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा पळालेला आणि फेब्रुवारीत लोणावळ्याच्या अल्ट्राला नाव घातलेला मनुष्य मधली थंडी महाड-पोलादपुरात कशी घालवतो?

प्रथम अधिकारी कोण ते ठरवू. ४२.१९५ किलोमीटरांनी ज्याचे समाधान होत नाही आणि पुढच्या अंतराचे जो स्वतःच पैसे भरतो, तो. लक्षणे : जिना पाठमोरा उतरतो, बसताना ‘आई गं’ म्हणतो, विचारल्यास ‘मस्त वाटतंय’ सांगतो. कारण उघड आहे. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यात त्यांना बारीक इजा होते आणि कळ एक-दोन दिवसांनी भरात येते. चढ दमवतो, दुखवतो तो उतार.

पूर्वपक्ष असा की, लोळण्यापेक्षा हलकी हालचाल बरी. मान्य. पण हलकी म्हणजे काय, यावर पुण्यामुंबईच्या पळणाऱ्यांत आश्चर्यकारक एकमत आहे : रायगड! १९९६ पासून रोपवे सेवेला हजर असताना हे लोक हजाराहून अधिक पायऱ्या चढतात आणि ‘आज फक्त चालायचंय’ म्हणत मनगटावरचे घड्याळ सुरू करतात. वाटेत ताकवाली मावशी डोक्यावर हंडा घेऊन त्यांना मागे टाकते. तिच्या ‘रिकव्हरी’चा अभ्यास अद्याप झालेला नाही. हिरकणीचाही नाही, ती रात्री कडा उतरली हे सर्वांना पाठ, दुसऱ्या दिवशी तिच्या मांड्यांचे काय झाले हे कोणी विचारलेच नाही.

पोलादपूरचा उपपंथ याहून जहाल. ढवळ्याहून चंद्रगड करून आर्थरसीटला चढणे, याला तिथे ‘पाय मोकळे करणे’ म्हणतात. त्यातल्या त्यात उमरठला जाणारे शहाणे. सिंहगडावर पळून तानाजी मालुसऱ्यांच्या गावी समाधीला हात जोडायचे, यात क्रम आहे, शिवाय गाडी जाते.

आता उत्तरपक्ष. परंपरा सांगते की समर्थांनी दासबोध शिवथरघळीत सांगितला : वीस दशके, दोनशे समास, सगळे बसून. मूर्खलक्षणांत दुखऱ्या पायांनी गड चढणारा राहून गेला, एवढीच त्रुटी. आणि बसून पाय शेकायचे तर सवचे गरम झरेही महाडजवळच, सावित्रीकाठी आहेत.

पण सिद्धान्त पोपटीपाशीच पूर्ण होतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा. वरून पुन्हा पाला कोंबून मडके शेतात उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र झाले की पोपटी तयार. यात मीठ आहे, प्रथिने आहेत, पिष्टही आहे. मुख्य म्हणजे जाळाजवळून अर्धा तास हलता येत नाही. एवढा सक्तीचा आराम कोणताही प्रशिक्षक देऊ शकत नाही.

तेव्हा लोणावळ्याला धड पायांनी उभे राहायचे असेल, तर रायगडावर रोपवेनेच जा. ताक मात्र वर अवश्य प्या, आणि मावशींना सुटे पैसे द्या.