नापासाला हमीभाव

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा नेहमीचा मोसम बारा सामन्यांचा असतो. सहा झाले की सहामाही. ऑक्टोबर निम्म्यावर आला की तिथले गावोगावचे क्रीडा-वार्ताहर लाल शाई घेऊन बसतात आणि आपापल्या कॉलेजच्या संघाचं प्रगतिपुस्तक भरतात. आक्रमणाला ब, बचावाला क, किक मारणाऱ्याला अ उणे, प्रशिक्षकाला गावाचा मूड बघून. या तपासनिसांच्या स्वतःच्या शारीरिक शिक्षणाच्या गुणपत्रिका कुणी मागवत नाही, म्हणून हा उद्योग वर्षानुवर्षं सुरळीत चालू आहे.

आपल्याकडे सहामाही कुणी फारशी मनावर घेत नाही. सहामाहीला गणितात अकरा गुण मिळवलेली मंडळी पुढे बांधकाम खात्यात मोठ्या हुद्द्यावर पोचतात, आणि त्यांचे पूल पाहिले की ते अकराही सढळ हातानेच दिले होते हे पटतं. पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाने मात्र २०२५ची सहामाही इतकी मनावर घेतली की सहाव्या पेपरच्या दुसऱ्याच दिवशी, मुलांना सोडून, थेट मुख्याध्यापकांच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवला.

मुख्याध्यापक म्हणजे जेम्स फ्रँकलिन, २०१४पासूनचे मुख्य प्रशिक्षक. शंभरावर विजय नावावर. आदल्याच जानेवारीत संघ राष्ट्रीय उपांत्य फेरीत पोचला होता आणि नोत्र दामकडून २७-२४ असा तीन गुणांनी हरला होता. तेवढ्या भांडवलावर नव्या मोसमाआधीच्या असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत पेन स्टेटला देशात दुसरा क्रमांक मिळाला. म्हणजे शाळा उघडायच्या आधीच गुणवत्ता यादी लागली. ड्रू अ‍ॅलर हा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, व्यावसायिक संघात जायचं सोडून आणखी एक वर्ष कॉलेजात थांबला, त्यामुळे गावात पेढ्यांचीच काय ती कमी होती.

पहिले तीन पेपर झाले. नेवाडाविरुद्ध ४६-११. फ्लोरिडा इंटरनॅशनलविरुद्ध ३४-०. व्हिलानोव्हाविरुद्ध ५२-६. ही व्हिलानोव्हा तर खालच्या श्रेणीतली. अशा लहान कॉलेजांना मोठी कॉलेजं चांगले पैसे मोजून आपल्या मैदानावर बोलावतात, ती येतात, मार खातात आणि चेक घेऊन घरी जातात. तिथे ही रीत उघड्यावर चालते, कुणाला तिचं काही वाटत नाही. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका निवडायची, वर तिचं मानधनही द्यायचं, असं साधं आणि सुटसुटीत धोरण आहे. आपल्या शिक्षण मंडळाने त्याचा अभ्यासदौरा काढायला हरकत नाही.

चौथा पेपर अभ्यासक्रमातला निघाला. २७ सप्टेंबरला ऑरेगन आलं. बीव्हर स्टेडियममध्ये एक लाख अकरा हजार माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. या प्रकाराला ते ‘व्हाइट आउट’ म्हणतात. पेन स्टेट ३-१७ असं मागे पडलं, शेवटच्या टप्प्यात बरोबरीला आलं, आणि दुसऱ्या जादा डावात अ‍ॅलरचा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला. ३०-२४. पहिल्या दहांतल्या संघांसमोर फ्रँकलिन यांचा हिशेब त्या रात्री ४ विजय आणि २१ पराभव असा झाला. मोठ्या सामन्यांत हे हरतात अशी लोकांची समजूत आहे, असं पत्रकारांनी विचारल्यावर ती समजूत नसून वस्तुस्थिती आहे, हे त्यांनीच मान्य केलं. या प्रामाणिकपणाचे दोन गुण द्यायला आमची हरकत नव्हती, पण पाचवा पेपर आला.

पाचवा पेपर लॉस एंजलिसच्या यूसीएलएचा. हा संघ चारही सामने हरून बसलेला. प्रशिक्षकाला तीन आठवडे आधीच, म्हणजे सहामाहीचीही वाट न बघता काढलेलं. आक्रमणाच्या चाली ठरवणारा गृहस्थही सामन्याच्याच आठवड्यात गेलेला, आणि ती जबाबदारी जेरी न्यूहायझल या तरुण सहायकाकडे जेमतेम काही दिवसांपूर्वी आलेली. आपल्याकडे बदली शिक्षक येतो तेव्हा वर्गात विमानं उडतात. इथेही उडाली, पण पेन स्टेटच्या डोक्यावरून. मध्यंतराला यूसीएलए २७-७ पुढे, शेवटी ४२-३७. खेळाडूंनी बदली शिक्षकाला खांद्यावर घेऊन मिरवलं.

सहावा पेपर ११ ऑक्टोबरला नॉर्थवेस्टर्नचा, घरच्या मैदानावर आणि तेही माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या दिवशी. २१-२२. एका गुणाने नापास. पैजा लावणाऱ्यांनी या दोन्ही सामन्यांत पेन स्टेटला वीसहून अधिक गुणांनी सरस धरलं होतं. असे लागोपाठ दोन सामने हरणारा १९७८नंतरचा हा पहिलाच संघ, असं आकडेवारीवाल्यांनी शोधून काढलं. विक्रम तो विक्रमच.

आता विषयवार गुण. किक आणि परतफेडीच्या खास तुकड्या: हजेरी पूर्ण. पुढे.

बचाव हा विषय शिकवायला जिम नोल्स यांना खास आणलं होतं, आदल्या जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या ओहायो स्टेटकडून, वर्षाला सुमारे ३१ लाख डॉलर देऊन. तेवढ्या शिकवणीनंतरचा निकाल असा की ज्या यूसीएलएला आधीच्या चार सामन्यांत मिळून ५७ गुण करता आले होते, त्यांनी पेन स्टेटविरुद्ध एकाच दुपारी ४२ केले. शेरा: दुसऱ्यांना पुढे आणण्याची तळमळ वाखाणण्यासारखी.

आक्रमणाला काय द्यायचं याबद्दल मात्र लाल शाई जरा आवरती घ्यावी लागते. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध अखेरच्या टप्प्यात अ‍ॅलर जखमी झाला आणि त्याचा मोसम तिथेच संपला, कॉलेजची कारकीर्दही. ज्या वर्षासाठी तो थांबला होता, ते सहा सामन्यांत आटोपलं. २०२५च्या जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना आपल्या उत्पन्नातून थेट पैसे देऊ शकतात, एका विद्यापीठाला वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरची मर्यादा आहे, तेव्हा ही मुलं आता अगदीच बिनपगारी नाहीत, हे कबूल. तरी बावीस वर्षांच्या आसपासच्या पोराला वर्तमानपत्रात ‘ड’ छापून देणाऱ्या तपासनिसाने त्याच पानावर स्वतःची मोसमाआधीची भाकितंही छापावीत. दुसरा क्रमांक या मुलांनी मागितला नव्हता, तो यांनीच वाटला होता.

प्रेक्षकांना अ. फ्रँकलिनना काढा, अशा घोषणा त्यांनी ऑरेगनच्या रात्रीपासूनच पाठ केल्या होत्या, आणि पाठांतर हा आपल्या दृष्टीने अभ्यासाचा सर्वोच्च प्रकार आहे.

राहिले मुख्याध्यापक. फ्रँकलिन यांच्याशी २०२१मध्ये दहा वर्षांचा करार झाला होता, २०३१पर्यंतचा. करार मोडायचा तर विद्यापीठाने भरपाई द्यायची, सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर. आपल्या पैशात चारशे कोटींच्या वर. जिंकलात तर पगार आणि बक्षीस, हरलात तर घरबसल्या हप्ता. हे काही एकट्या पेन स्टेटचं शहाणपण नव्हे. टेक्सस ए अँड एमने २०२३मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणं कबूल होतं, आणि पेन स्टेटच्या पाठोपाठ पंधरा दिवसांत लुइझियाना स्टेटने ब्रायन केली यांना काढलं, तिथला आकडा पाच कोटींच्या पुढचा. शेतकऱ्याने ज्या हमीभावाची नुसती स्वप्नं बघावीत, तो तिथे पराभवाला मिळतो, तोही दहा वर्षं आधी ठरवून.

आणि याच पेन स्टेट विद्यापीठाने २०२५च्याच मे महिन्यात आपल्या सात शाखा बंद करायचं ठरवलं. यॉर्क, विल्क्स-बॅरी, फेएट, ड्युबॉइस अशा लहान गावांतल्या. विद्यार्थी कमी झाले, इमारती जुन्या झाल्या, खर्च परवडत नाही. या कुलपांमुळे वर्षाला सुमारे पाच कोटी डॉलर वाचतील, असा अंदाज होता. हा आकडा आणि चार कोटी नव्वद लाख शेजारी-शेजारी लिहायचा मोह अनेकांना झाला, आम्हालाही झाला, आणि मोह आवरण्यासाठी संपादक आम्हाला पैसे देत नाहीत.

क्रीडाखात्याचा खुलासा तयार असतोच. आमचा पैसा तिकिटांतून, दूरचित्रवाणीच्या हक्कांतून, देणगीदारांकडून येतो, विद्यार्थ्यांच्या फीमधून नाही. खुलासा खरा आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली गळकी तोटी बदलण्यासाठी चेक फाडणारा देणगीदार अजून जन्माला यायचा आहे, हेही तितकंच खरं. बीव्हर स्टेडियमचं सत्तर कोटी डॉलरपर्यंतचं नूतनीकरण चालू आहे, ते २०२७च्या मोसमाआधी पुरं व्हायचं आहे. त्या सात शाखांचं शेवटचं सत्रही २०२७चंच, वसंतातलं. वेळापत्रक आखणाऱ्याच्या काटेकोरपणाला अ अधिक. यॉर्कच्या विद्यार्थ्याला वर्ग नसेल, पण बसायला जागाच नाही असं त्याला म्हणता येणार नाही. तिकीट तेवढं काढावं लागेल.

पेन स्टेटची खुर्ची रिकामी झाल्याचा सर्वांत मोठा आनंद बाकीच्या प्रशिक्षकांना झाला. खुर्ची रविवारी रिकामी झाली आणि गुरुवारी इंडियाना विद्यापीठाने आपल्या कर्ट सिग्नेटी यांना आठ वर्षांचा नवा करार दिला, वर्षाला सरासरी एक कोटी सोळा लाख डॉलर. सिग्नेटी मूळचे पेनसिल्व्हेनियाचे, गावाकडची ओढ लागू नये म्हणून ही खबरदारी. त्यांनी निदान मोसमभर एकही सामना न हरता पुढच्या जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद आणून दिलं, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायची सोय नाही. मॅट रूल तर पेन स्टेटचेच माजी विद्यार्थी. त्यांचं नाव चर्चेत आलं मात्र, नेब्रास्काने ३० ऑक्टोबरला त्यांचा करार २०३२पर्यंत वाढवला. तीन आठवड्यांनी हेच रूल आपला संघ घेऊन बीव्हर स्टेडियमवर आले आणि बिनमुख्याध्यापकाच्या पेन स्टेटकडून ३७-१० असे हरले. पगारवाढीच्या पत्रावरची शाई तोवर वाळली होती, हे त्यांचं भाग्य.

वर्गाची जबाबदारी दरम्यान टेरी स्मिथ या जुन्या सहायकाकडे होती. त्यांनी तीन हरले, तीन जिंकले, नंतर न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर क्लेमसनलाही हरवलं. वार्षिक निकाल सात विजय, सहा पराभव. हा निकाल लागायच्या आधीच, डिसेंबरात, आयोवा स्टेटहून मॅट कॅम्पबेल यांना आणून झालं होतं. करार आठ वर्षांचा. दहाचे आठ झाले, एवढा धडा घेतला म्हणायचा.

फ्रँकलिन घरी बसले का? छे. सप्टेंबरच्या मध्यावर व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने पहिले तिन्ही सामने हरलेल्या आपल्या ब्रेंट प्राय यांना काढून टाकलं होतं. हे प्राय म्हणजे पेन स्टेटमध्ये फ्रँकलिन यांच्या हाताखाली २०२१पर्यंत बचाव शिकवणारे. त्यांच्या रिकाम्या खुर्चीत नोव्हेंबरात खुद्द फ्रँकलिन जाऊन बसले. पेन स्टेटशी तडजोड झाली आणि चार कोटी नव्वद लाखांचं देणं नव्वद लाखांवर आलं. म्हणजे एका शाळेने नापास ठरवलेला मुख्याध्यापक दुसऱ्या शाळेने उचलला आणि पहिलीचे चार कोटी वाचले.

नव्या शाळेत रुजू झाल्यावर फ्रँकलिन यांना बचावासाठी एक अनुभवी माणूस हवा होता. त्यांनी ब्रेंट प्राय यांना नेमलं.