न्यूटन गाडी घेतोय

न्यूटन गाडी घेतोय, ही कोल्हापूरच्या आमच्या मंगळवार पेठेतली जुनी बातमी आहे. तालमीच्या कट्ट्यावर नवं पोरगं येऊन बसलं, की त्याला आधी कोण कुणाचा कोण लागतो ते सांगतात आणि मग हे सांगतात. न्यूटन हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. मोटारसायकलचा विषय निघाला की हा गृहस्थ ‘अमुक इतके न्यूटन मीटर’ म्हणूनच तोंड उघडतो. तालमीतल्या एका पैलवानाला वाटलं, ह्याचं लाईटबिल जास्त आलंय आणि मीटर कुणा न्यूटनच्या नावावर आहे. त्या दिवसापासून नाव पडलं ते पडलं.

वय बेचाळीसच्या आसपास, उंची पाच फूट चार इंच, शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप. हात मात्र सोन्याचा. कुणाच्या गाडीला कॅरियर बनवायचं असो, इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून पत्रा ठोकायचा असो, हँडल दोन बोटं वर घ्यायचं असो, न्यूटन ते असं करून देतो की कंपनीचंच वाटावं. त्यानं बनवलेली कॅरियर खारदुंग ला चढून आली आहेत, स्पिती बघून आली आहेत. न्यूटन स्वतः गगनबावड्याच्या पलीकडे गेला आहे तो एसटीनं.

त्याच्याकडे गाडी नाही असं नाही. लग्नातली शंभर सीसीची आहे. तिच्या हँडलला मोबाइलचा पाणी न शिरणारा स्टँड आहे, मागं दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या आहेत आणि तिच्यावर बसणाऱ्याच्या अंगात कोपर, खांदा, पाठ सगळीकडे गार्ड असलेलं जाकीट आहे. हेल्मेट असं, की ते विकून तशीच एक जुनी गाडी घेता येईल. एवढा सगळा सरंजाम चढवून न्यूटन एप्रिलच्या उन्हात कपिलतीर्थ मार्केटमधून कोथिंबीर आणतो. ‘गाडी यायच्या आधी अंगाला सवय पाहिजे,’ असं त्याचं म्हणणं.

गाडी कुठली, एवढाच काय तो प्रश्न आहे. त्याला पाहिजे रस्त्यावर चालणारी आणि रस्ता संपला तरी चालणारी. अशा गाड्यांचे बाजारात दोन वर्ग. एक दीड-दोन लाखांचा, दुसरा तीनपासून सुरू होऊन वीस लाखांवर जाणारा. न्यूटन या दोन वर्गांच्या मधल्या जिन्यावर उभा आहे आणि तिथून दोन्हीकडची माहिती सांगतो.

२०११ साली हिरोनं इम्पल्स आणली. दीडशे सीसी, उंच, सडपातळ. न्यूटनची थोरली पोरगी तेव्हा लहान. तो बघून आला आणि म्हणाला, ‘सांगाडा झकास आहे, पण इंजिन कमी पडतंय. हेच मोठ्या इंजिनात येणार बघ.’ तो थांबला. २०१७ मध्ये कंपनीनंच इम्पल्स बंद केली. दरम्यान २०१६ ला रॉयल एनफिल्डची हिमालयन आली. ‘नव्या मॉडेलची पहिल्या लॉटची गाडी शहाण्या माणसानं घेऊ नये.’ २०१८ ला बीएमडब्ल्यूची ३१० जीएस आली. त्या रात्री न्यूटन झोपला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याला कळलं की ती होसूरला टीव्हीएसच्या कारखान्यात बनते. ‘पैसे जर्मनीचे आणि गाडी तमिळनाडूची? इषय संपला.’ वास्तविक याच कारणामुळे गाडी स्वस्त पडते हे त्यानंच आम्हाला आधी महिनाभर समजावून दिलं होतं.

मग २०१९ च्या मे महिन्यात आली एक्सपल्स. इम्पल्सचंच मोठं भावंड, दोनशे सीसी, पुढचं चाक एकवीस इंची, आणि कार्ब्युरेटरवाल्या गाडीची एक्स-शोरूम किंमत सत्त्याण्णव हजार! म्हणजे न्यूटननं आठ वर्षं जे मागितलं होतं, नेमकं तेच, आणि लाखाच्या आत. आम्ही कट्ट्यावर पेढ्यांची तयारी केली. न्यूटन शोरूममधून आला तो पडक्या चेहऱ्यानं. बराच वेळ बोलेना. शेवटी म्हणाला, ‘एवढी स्वस्त कशी?’

माझ्या मते न्यूटनची सगळी गोष्ट या तीन शब्दांत आहे. स्वस्त गाडीची एक वाईट खोड असते, ती घेता येते. घेतली की निघावं लागतं. वर्कशॉपला कुलूप लावावं लागतं, घाटात पाऊस अंगावर घ्यावा लागतो, चिखलात आडवं व्हावं लागतं, आणि एवढं करून लडाख झालं नाही तर दोष कुणाला द्यायचा, हा प्रश्न उरतो. वीस लाखांची गाडी असल्या भानगडीत माणसाला पाडत नाही. ती लांब उभी राहते आणि नुसती चांगली दिसते. बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस २०२४ ला वीस लाख पंच्याण्णव हजारांना आली, तेव्हा न्यूटन किती खुलला होता! एकशे पंचेचाळीस घोड्यांची ताकद, दोनशे सदतीस किलो वजन. ‘आंबा घाटात आडवी झाली तर उचलायची कुणी?’ असं मी विचारलं. ‘तालमीतले दोघं संगं न्यायचे,’ म्हणाला. दोघं पैलवान लगेच उठून तयार झाले. त्यांना वाटलं, निघालोच.

उंचीचं दुखणं मात्र खरं आहे आणि त्यावर मी हसणार नाही, निदान फार हसणार नाही. या गाड्यांची सीट सव्वाआठशे मिलिमीटरच्या आसपास सुरू होते. केटीएमची ३९० ॲडव्हेंचर २०२० ला आली तेव्हा आठशे पंचावन्न होती. पाच फूट चार इंचांचा माणूस तिच्यावर बसला की दोन्ही पायांचे फक्त अंगठे जमिनीला विचारपूस करून येतात. न्यूटननं यावर कोल्हापुरी उपाय काढला. चप्पल लाईनला ओळखीच्या कारागिराकडून कापशी चप्पल करून घेतली, तळाला चामड्याचे जास्तीचे थर देऊन. ती घालून तो टेस्ट राईडला गेला. करकर वाजत शोरूममध्ये शिरणारा, वर जर्मन हेल्मेट आणि खाली कापशी घातलेला माणूस बघून सेल्समननं आधी वॉचमनकडे बघितलं. ‘सर, टेस्ट राईडला बूट लागतात.’ झालं, सगळे थर वाया. आता ती चप्पल तो लग्नकार्यात घालतो आणि फोटोत बरा उंच दिसतो.

लोक मात्र त्याच्याकडे सल्ल्याला येतात. सांगली, इचलकरंजी, निपाणी, कुठून कुठून. सल्ला फुकट, चहा न्यूटनचा. २०१५ ला सी. एस. संतोष हा डकार रॅली पुरी करणारा पहिला भारतीय ठरला, हे तो असं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, मागच्या सीटवर हाच होता. सस्पेन्शनचा ट्रॅव्हल, स्पोकची चाकं आणि ट्यूबलेस टायर यांचं वैर, गाडी वजनानं हलकी असली तर नवशिक्याचं कसं भलं होतं, सगळं येतं. त्याचं ज्ञान खोटं नाही. ऐकणारा पंधरा मिनिटांत शहाणा होतो, दुसऱ्या दिवशी जाऊन बुकिंग करतो आणि आठवड्यानं पावनखिंडीकडचे फोटो पाठवतो. न्यूटन ते फोटो मोठे करकरून टायरची हवा कमी आहे असं सांगतो.

फक्त एक गिऱ्हाईक त्याला पुरून उरलं. आमच्यातला एक गवळी. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. शिंगं रंगवलेली, अंगावर नक्षी, पायात चाळ, आणि ती म्हैस मालकाच्या मोटारसायकलमागं सुसाट. गवळ्याची आरएक्स हंड्रेड होती, शहाण्णवच्या आधीची, कारण त्यानंतर ती बनायचीच बंद झाली. तो म्हणाला, ‘न्यूटन, दुधाचे कॅन बी जातील, उसातल्या वाटंनं बी जाईल आणि पाडव्याला म्हशीफुडं बी शोभंल, अशी सांग.’ न्यूटननं दोन तास सांगितलं. लो-एंड टॉर्क म्हशीच्या चालीला कसा योग्य, इथपर्यंत गेला. गवळ्यानं ऐकून घेतलं आणि पाडव्याला कुणा पाहुण्याची हिमालयन आणून म्हशीपुढं लावली. म्हैस हलली नाही. नवी गाडी, नवा आवाज, तिनं मान फिरवली आणि रवंथ सुरू केला. गवळी घरी गेला, आरएक्स काढली, एक्सलेटर पिळला, आणि म्हैस दावं तोडून मागं! ‘तुझं समदं खरं आहे भावा,’ तो न्यूटनला म्हणाला, ‘पर तिनं तुझं ऐकलेलं न्हाई.’

घरात न्यूटनचे वडील आहेत. आबा. त्यांच्याजवळ राजदूत होती आणि त्या गाडीवरून त्यांनी वडगावच्या सोमवारच्या बाजारातून बकरं आणलं होतं, ते बकरं धरायला मागं दोघं. ‘त्याला काय म्हणत्यात रं तुमच्यात?’ असं ते मुद्दाम विचारतात. न्यूटन उत्तर देत नाही. त्याऐवजी तो ‘लाँग वे राउंड’ ही मालिका लावतो. २००४ साली इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून न्यूयॉर्कला मोटारसायकलवर गेले, पूर्वेच्या वाटेनं, बीएमडब्ल्यूवर. केटीएमनं आधी गाड्या द्यायला नकार दिला होता, हे न्यूटन स्वतःच्या घरचं दुःख असल्यासारखं सांगतो. मात्र मंगोलियाचा भाग आला की त्याला हटकून काहीतरी काम आठवतं. कारण तिथं त्यांच्याबरोबरच्या कॅमेरामनच्या बीएमडब्ल्यूनं मान टाकली आणि गड्याला तिथंच एक स्वस्त रशियन गाडी घेऊन पुढं जावं लागलं. आबांनी तेवढाच भाग पाठ केला आहे. ‘लाव की ते लाल गाडीचं,’ म्हणतात.

आणि वहिनी. वहिनींनी गाडीला आजवर एकदाही नको म्हटलेलं नाही. उलट न्यूटन बोलत असला की हातातलं काम ठेवून ऐकतात. एवढं ऐकणारी बायको कट्ट्यावरच्या एकाच्याही नशिबात नाही, म्हणून आम्ही त्यांना देवमाणूस समजत होतो. हिमालयनसाठी बाजूला काढलेल्या पैशांत वरची खोली झाली. एक्सपल्सच्या पैशांत वर्कशॉपला दुसरा लेथ आला, जुना पण चांगला. ३९० च्या वेळी लॉकडाऊन लागलं आणि त्या पैशांवर घर चाललं. आता थोरली बारावीला आहे आणि पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. गाडी न घेऊन इतकी बरकत आलेलं दुसरं घर पेठेत नसेल.

मग मात्र पेचच पडला. जीएसटीचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले, आणि तो दिवस घटस्थापनेचा. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्के. त्याच्या वरच्यांवर सेससकट एकतीस होता तो थेट चाळीस. न्यूटनच्या जिन्याची मधली पायरीच सरकारनं काढून घेतली. एक्सपल्स आता २१० सीसीची, पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाची, म्हणजे त्याची उरलीसुरली तक्रारही मिटलेली. कट्ट्यावर एकमत झालं. अंबाबाईच्या नवरात्रात ठरवायचं, दसऱ्याला गाडी दारात. वेळ जाऊ नये म्हणून आम्ही चौघं आणि वहिनी त्याच्याबरोबर शोरूममध्ये गेलो. आबा आले नाहीत. ‘आणल्यावर बकरं बसतंय का बघू,’ एवढंच म्हणाले.

सेल्समन पोरगं नवीन होतं, त्याला न्यूटनचा इतिहास माहीत नव्हता. त्यानं भराभर कोटेशन काढलं, रंग विचारला, दसऱ्याच्या डिलिव्हरीचा मुहूर्त सांगितला. न्यूटन गाडीवर बसला, उतरला, परत बसला. टाचा टेकत नव्हत्या, पण चवडे टेकत होते. त्यानं कुठलाही प्रश्न विचारला नाही. ही गोष्ट इतकी अघटित होती की आमच्यातल्या एकानं हळूच मोबाइल काढून फोटो घेतला. फॉर्म पुढं आला. न्यूटननं पेन उघडलं. नाव लिहिलं. खरं नाव, जे आम्ही पहिल्यांदाच पूर्ण वाचलं.

वहिनींच्या मांडीवर पर्स होती आणि पर्समधून पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजचं माहितीपत्रक डोकावत होतं. ते त्यांनी आत सारलं, चेन लावली आणि अगदी सहज विचारलं, ‘अहो, ह्यात ट्रॅक्शन कंट्रोल आहे का?’

पेन थांबलं.

‘नाही, मला काय कळतंय त्यातलं,’ वहिनी म्हणाल्या. ‘पण त्या ट्रायम्फच्या टायगरला असतं, असं तुम्हीच परवा सांगत होता. पावसात लई उपयोगी पडतं म्हणून. गगनबावड्याला पाऊस असतो ना?’

न्यूटननं पेनाला टोपण लावलं. चेहऱ्यावर अशी कळा आली की इतकी वर्षं तो उगाच म्हातारा दिसत होता असं वाटावं. सेल्समन आमच्याकडे बघायला लागला, आम्ही छताकडे.

‘म्हणजे सर, बुकिंग...?’

‘खुर्ची घे,’ न्यूटन त्याला म्हणाला, ‘आणि चहा सांग सगळ्यांना. तुला मुळापासनं सांगतो.’