मामांचं मृत्युपत्र आणि माझं ऑम्लेट

तुम्हाला म्हणून सांगतो, मृत्युपत्र केलेलं असलं की पुढचं सगळं फुकटात होतं, हे मी नानामामांच्या तेराव्याला, पानावर बसलेल्या तमाम नातेवाइकांना लाडू वाढता वाढता समजावून दिलं होतं. "इस्टेट ड्यूटी 1985 सालीच गेली," मी म्हणालो, "मृत्युपत्राला स्टॅम्प ड्यूटी नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या की झालं." यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. म्हणून तर कुणाला संशय आला नाही.

माझ्या उत्साहाला एक खासगी कारणही होतं. मामांना मूलबाळ नव्हतं, मामी आधीच गेलेल्या, शेवटची वर्षं ते पुण्यात आमच्या जवळच राहिले, पण मुलुंडला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून माझं नाव होतं. नॉमिनी म्हणजेच मालक अशा समजुतीनं मी मनातल्या मनात हॉलला फिकट पिस्ता रंग दिला, बाल्कनीत झोपाळा टांगला, आणि हिच्या भावाला तिथं उतरू द्यायचं नाही इथपर्यंत ठरवूनही टाकलं. मग वकीलबाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं की नॉमिनी हा नुसता सांभाळणारा. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानंही डिसेंबर 2023 मध्ये हेच म्हटलंय, आणि तो खटला 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या मिळकतीतून निघालेला. ज्या कॅलेंडरवर मी तेराव्याचा दिवस मोजला, तेसुद्धा माझ्या बाजूचं नव्हतं. मृत्युपत्रात फ्लॅट होता मामांचं सगळं करणाऱ्या त्यांच्या पुतणीला.

मला त्यांनी एक्झिक्युटर नेमलं होतं.

म्हणजे फ्लॅट तिचा, धावपळ माझी. ती तरी का? तर मुलुंड. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात तेव्हा असं होतं की हिंदूनं मृत्युपत्र मुंबईत केलेलं असलं, किंवा त्यातली स्थावर मिळकत मुंबईत असली, तर हायकोर्टातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, घ्यायलाच हवं. कलकत्ता आणि मद्रासलाही तीच तऱ्हा. पुण्यातल्या घराला ही सक्ती नव्हती, ठाण्यातल्या नव्हती. चेकनाका ओलांडून पलीकडे गेलं की सुटका. मामांना खरं तर नाक्यापलीकडचा फ्लॅट जास्त आवडला होता, थोडा स्वस्तही होता, पण "ठाण्याला कशाला, मुंबईचा पत्ता तो मुंबईचा पत्ता" असं त्यांना एका जाणकार भाच्यानं पटवलं. आमच्या घराण्यात तसा भाचा एकच.

कोर्ट फी मिळकतीच्या किमतीवर लागते हे वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा मी बहुधा चहात बिस्किट बुडवत असणार. कारण मूल्यांकन करणारे गृहस्थ फ्लॅट बघायला आले तेव्हा मी यजमानाच्या थाटात त्यांना खिडकीतला वारा दाखवला, स्टेशन कसं चालत अंतरावर आहे ते सांगितलं, गच्चीवर नेऊन डोंगर दाखवला, शेजारच्या इमारतीतला व्यवहार परवाच केवढ्याला झाला तेही ऐकवलं, आणि मागं उभी राहून पुतणी डोळे मोठे करत होती ते मला कौतुक वाटलं. रात्री सगळा उलगडा झाला आणि डोळ्याला डोळा लागेना. सकाळी वकीलबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या की महाराष्ट्रात प्रोबेटच्या कोर्ट फीला 75,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे आणि मुंबईतला फ्लॅट म्हटल्यावर ती गाठली जाणारच होती. माझ्या बढाईला सरकारनं आधीच लगाम घालून ठेवला होता.

वकिलांच्या फीला मात्र अशी मर्यादा नसते. तो आकडा बाईंनी एका चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी पालथी घातली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

खर्च शेवटी मिळकतीतूनच वळता होतो, पण मिळकतीतला पैसा बँकेत आणि बँक म्हणते आधी प्रोबेट दाखवा. तेव्हा हिच्या नव्या ओट्यासाठी ठेवलेली एफडी मी मोडली, "दोन महिन्यांचा प्रश्न आहे" असं सांगून. दोन महिन्यांत आम्ही वारसांची यादीसुद्धा पुरी करू शकलो नाही. मामांची भावंडं सगळी गेलेली, त्यामुळे मृत्युपत्रात नाव असो नसो, यच्चयावत भाचे-पुतण्यांची संमतीची प्रतिज्ञापत्रं हवीत, नाहीतर त्यांना रीतसर नोटीस. न्यू जर्सीच्या ताईचा कागद तिथल्या नोटरीची सही आणि वर अपोस्टिल होऊन आला, तर मीच पाठवलेल्या मसुद्यात मामांच्या जागी माझं नाव. मी गेलो असून माझ्या मृत्युपत्राला ताईची काहीही हरकत नव्हती.

औरंगाबादचा दादा मात्र हटून बसला. 1994 साली माझ्या लग्नात त्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. त्यानं कॅव्हेट टाकलं असतं तर साध्या अर्जाचा दावा झाला असता आणि चिठ्ठीवरचा आकडा पुन्हा पालथा पडला असता. म्हणून मी बाकरवडी, आंबाबर्फी आणि भलामोठा नमस्कार घेऊन गेलो. त्याच्याकडे पहिल्या पंगतीला जेवलो, सही आणली.

त्या वारसा कायद्यात कुठला खर्च आधी भागवायचा याचा क्रम दिलेला आहे. कलम 320, अंत्यविधी आणि आजारपणाचा खर्च. 321, प्रोबेट मिळवण्याचा खर्च. 322, घरगड्यांचा, मोलकरणीचा वगैरे शेवटच्या तीन महिन्यांचा पगार. कर्जं त्यानंतर. मी खालपर्यंत बोट फिरवून पाहिलं. बाकरवडीला कलम नाही.

प्रोबेट मिळाल्यावर एक्झिक्युटरनं सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टाला सादर करायचा असतो, हे ऐकून ही इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. दुधाचा हिशेब मला कधी जमलेला नाही. तरी ईर्षेनं बसलो, तारीखवार सगळं लिहून काढलं, नोटरी, झेरॉक्स, रिक्षा, डेक्कन क्वीनचं तिकीट, आणि कोर्टाशी खोटं नको म्हणून डेक्कन क्वीनमधलं ऑम्लेटही. कच्चा हिशेब टाइप करायला हिच्याकडे दिला. ती एका ओळीशी थांबली, भिंतीवरचं जुनं 'कालनिर्णय' काढून तिनं तारीख पडताळली.

श्रावणी सोमवार होता.

असो. फ्लॅट पुतणीच्या नावावर झाला, ओट्याचे पैसे परत आले. पुढं 2025 च्या डिसेंबरात एका सकाळी हिनं पेपरातली बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. संसदेनं प्रोबेटची सक्ती करणारं ते कलम 213 च काढून टाकलं होतं. आता मुंबईलाही सक्ती नाही.

मी नुसता बघत राहिलो.

"जन्मात एक काम वेळेवर केलंत," पेपरची घडी घालत ही म्हणाली, "ते नेमकं हे."