सही माझीच, साहेब

२०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची नागरिक सुरक्षा संहिता झाली. नावं बदलण्यात आपला हात कुणी धरणार नाही. साक्षीच्या पिंजऱ्यातल्या पंचाचं नाव मात्र तेच राहिलं आहे: फितूर. पंचनामा समोर धरला की तो म्हणतो, सही माझीच, साहेब, पण कोऱ्या कागदावर घेतली. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करायची परवानगी मागतात, चार प्रश्न विचारतात, आणि पुढच्या खटल्याचा पुकारा होतो. आरोपी सुटतो. मग हरलं कोण?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ७ जानेवारी २०१४ रोजी गुजरातमधल्या एका खटल्यात विचारला होता. आरोपी सुटला की पोलीस आणि अभियोग अधिकाऱ्यांच्या समितीने निकाल तपासावा, चूक कुणाची ते ठरवावं, असं सगळ्या राज्यांना बजावलं. नव्या संहितेच्या कलम २० मध्ये तर जिल्हा अभियोग संचालनालयाचीही सोय आहे. कुणी म्हणेल, सरकारी वकिलाचं काम शिक्षा मिळवणं नव्हे, सत्य मांडणं. अगदी कबूल, शिक्षेचं प्रमाण म्हणजे बाजार समितीतला सोयाबीनचा भाव नव्हे. पण म्हणूनच हिशेब हवा. निर्दोष सुटला असेल तर त्याला गुंतवलं कुणी, आणि दोषी सुटला असेल तर तपास कच्चा ठेवला कुणी? आता झडतीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, म्हणजे कोऱ्या कागदाची सबब गेली. मोबाईलची बॅटरी नेमकी पंचनाम्याच्या वेळी उतरू नये, एवढी आई तुळजाभवानीची कृपा असावी.