सेक्स्टंटवाले काका, मु. पो. बदलापूर

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या टूलरूममधून निवृत्त होऊन बदलापुरात फ्लॅट घेतलेल्या काकांचं एक खास वाण आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा यांना आधी टेबलाचा आखूड पाय दिसतो, मग जिलबी. यातले बरेचसे पुढे कुंड्यांकडे वळतात. एखादा मात्र सेक्स्टंट घ्यायला निघतो.

सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजून भर समुद्रात आपण कुठे आहोत हे शोधायचं, त्यासाठीचं हे यंत्र. बदलापुरात ते कशाला, असं काकांना विचारू नये. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली, तेव्हा प्रवाशांना सोडवायला नौदलाची पथकंही आली होती. नौदल इथे चालतं, मग सेक्स्टंटनं काय घोडं मारलंय?

पहिली फेरी अर्थातच उल्हासनगरला. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींतून हे शहर उभं केलं, आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद लोकलमध्ये अजून खपतो. तिथल्या एका शेठनं लाकडी डबा उघडला. आत चकचकीत पितळ, वर कोरलेलं: केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७.

“शेठ, केल्विन आणि ह्यूजेस या घराण्यांची सोयरीक १९४७ ची. मग हे १९१७ चं पोर कुठनं आलं?”

“काका, बर्थ सर्टिफिकेट कशाला मागता? पितळ बघा, पितळ!”

असे सेक्स्टंट रुरकी-मुरादाबादकडे ढिगानं होतात. दोन-तीन हजारांत मिळतात आणि टेबलावर झकास दिसतात. पण काका भिंगाला डोळा लावण्याआधी ड्रम फिरवतात. खऱ्या यंत्रात कमानीच्या कडेला बारीक दाते असतात, त्यात वर्म, म्हणजे आट्यांचा स्क्रू, बसतो आणि ड्रमवर कोनाचं एकेक मिनिट मोजता येतं. एक मिनिट चुकलं तर समुद्रात एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर चुकले. इथे ड्रम अर्धा फिरला तरी कमानीवरचा हात ढिम्म. “प्ले आहे,” एवढाच शेरा मारून काका उठले.

नवा जर्मन कासेन्स अँड प्लाथ घ्यायचा तर लाखाच्या वर. शेवटी मर्चंट नेव्हीतल्या एका निवृत्त कप्तानाकडचा जपानी तमाया ठरला. आरशाच्या कडेला कलई उडाली होती, तेवढ्यावर काकांनी भाव पाडला. मग यंत्र शून्यावर लावून खिडकीतून लांबचा मोबाईल टॉवर पाहिला. दोन टॉवर दिसले, तर जेवढं अंतर तेवढी इंडेक्स एरर; ती वजा करता येते, म्हणून ती काकांना चालते. वर्मचा प्ले चालत नाही.

“मोबाईलमध्ये दिसतं की सगळं,” काकू म्हणाल्या. काकांनी दर्यावर्दी अभिलाष टॉमींचा दाखला दिला. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएसला मनाई होती; गोव्यात बांधलेली शिडाची नौका ‘तुरीया’ घेऊन ते सेक्स्टंटवरच निघाले होते. काकू कुकरकडे वळल्या.

खरी अडचण नंतर आली. क्षितिज कुठून आणायचं? एका अंगाला चंदेरी आणि मलंगगडाची रांग, उरलेल्या अंगांना बिल्डर. जुना इलाज असा की ताटलीत दाट, काळं काही ओतायचं, त्यातलं सूर्याचं प्रतिबिंब धरायचं आणि आलेला कोन निम्मा करायचा. काकांनी गच्चीवर काकवी ओतली. काकवी थरथरत नाही, हे खरं. मुंग्यांचं कुणी सांगितलं नव्हतं.

शिवाय दुप्पट कोन मोजायचा आणि पट्टी साधारण १२० अंशांना संपते. सूर्य ६० च्या वर गेला की खेळ खलास. आणि बदलापुरात फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत माध्यान्हीचा सूर्य त्याहून वरच असतो. त्यामुळे काकांचा हंगाम साधारण दिवाळी ते महाशिवरात्र.

अडीच मिनिटांची चूक उत्तरेकडे झाली की काका थेट अंबरनाथच्या अक्षांशावर. “पुन्हा ड्यूटीवर?” काकू विचारतात.

रेखांशासाठी तर वेळ सेकंदात लागते. घड्याळाच्या चार सेकंदांमागे रेखांशाचं एक मिनिट. म्हणून आता क्रोनोमीटर हवाय. शेठनं व्हॉट्सॲपवर फोटो धाडलाय: पितळी, लंडनचा, डब्यासकट. साल घासून टाकलंय.