हातोडीचा हात

तबल्यात सर्वांत आधी येते ती मान. ‘धाधा तिट’ बोटांत उतरायच्या आत मला झाकीरभाईंसारखा झटका देता येऊ लागला होता. उडवायला केस नव्हते, एवढंच.

रोज दोन तास रियाज, असं मी चारचौघांत सांगतो. त्यातला बराच वेळ तबला लावण्यात जातो, हे सांगत नाही. पण काय ते सुख! आठ गट्टे, गजऱ्याची सोळा घरं आणि हातात हातोडी. एक घर काळी एकला नेऊन बसवावं, तर शेजारचं रुसतं. त्याला समजवावं, तर समोरचं चढतं. मग गट्टा खाली, गजऱ्याला वरून टोला, जास्त झालं म्हणून खालून टोला, शाईवर उगाच एक फुंकर, तळव्यांना पावडर. हातोडी घेऊन डोळे मिटलेला माणूस आपोआप जाणकार दिसतो. म्हणून पाहुणे आले की मी लागलेला तबलाही पुन्हा लावतो. पावसाळ्यात तर पुडी हवा खाते आणि सारखी उतरते. त्या चार महिन्यांत माझा हात तयार होतो, तो हातोडीचा.

परवा सरांकडे ‘धाधा तिट’चा कायदा दुगुनीत सोडला. सर मेथी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, “खालीनंतरचा धा.”

खालीच्या ‘ताता तिट’ला डग्गा बंद असतो, ‘धाधा’ला तो पुन्हा घुमायला हवा. माझा डावा हात तिथे सरकारी कचेरीत यावा तसा येतो.

“तेवढंच वाजवा. ‘तिट धाधा’. ठाय लयीत, तोंडाने म्हणत.”

पलटे, तिहाया वाजवणाऱ्या माणसाला चार बोल! पण अख्ख्या कायद्यात हात आपले आपण चालतात. तेवढ्या वेळात मी वीजबिल भरून सवाई गंधर्वला वाजवूनही येतो. इथे पळायला जागाच नाही. तोंड बोल म्हणतंय आणि कान उघडा, म्हणजे डावा मागे राहिला की लगेच पकडला जातो. मनगट पुडीवर दाबलं जातंय, हेही तेव्हाच कळलं. दहा मिनिटांत घाम फुटला.

चिल्ल्याच्या, म्हणजे चाळीस दिवसांच्या सलग रियाजाच्या, कथा आपण हात जोडून सांगतो. त्या तासांत कान काय करत होता, हे कुणी विचारत नाही. माझं सोडा. सरांकडे येणाऱ्या एका चिमुरड्याला त्याचे वडील “शंभर वेळा वाजव” म्हणतात आणि स्वतः मोबाइलमध्ये जातात. पोरगं बिचारं तीच चूक शंभरदा घोटतं, आकडा मोजत, रडवेलं होऊन. ते पाहिलं की माझ्या हातातली हातोडी शिवशिवते.

बऱ्याच वेळाने सर म्हणाले, “हं. आत्ता आला.”

“मग आता अख्खा कायदा? चौगुनीत?”

सरांनी मेथीची दुसरी जुडी सोडली.