येण्याचे कारण आणि येण्याचा हेतू

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई व ती. बाबा यांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

मराठीत ‘म्हणून’ हा एकच शब्द कारणही सांगतो आणि हेतूही. ‘मुलानं बोलावलं म्हणून आलो’ यात कारण आहे, ‘नातवाला बघावं म्हणून आलो’ यात हेतू. शाळेच्या व्याकरणात हे अव्यय परिणामबोधक आणि उद्देशबोधक अशा दोन्ही याद्यांत सापडते, आणि त्यामुळे सदाशिव पेठेत आजवर कोणाचे काही अडलेले नाही. इंग्रजीने मात्र दोन्हींची खाती वेगळी ठेवली आहेत. कारणाला ‘बिकॉज’, हेतूला ‘टू’ किंवा ‘सो दॅट’. उन्हाळ्यात पुण्याहून अमेरिकेला निघणाऱ्या ज्येष्ठांना हा फरक विमानतळावर उतरल्या उतरल्या नडतो, कारण काचेमागचा अधिकारी ‘पर्पज ऑफ व्हिजिट’ विचारतो. त्याला हेतू हवा असतो. मुलगा किती वर्षे ‘या, या’ म्हणत होता आणि गुडघ्यामुळे ते कसे राहून गेले, हे कारण झाले. ते त्याने विचारलेले नसते.

हेतू सांगायला ‘टू’ आणि पुढे साधे क्रियापद एवढे पुरते: ‘टू सी अवर सन’. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीला मात्र ‘भेटण्यासाठी’मधला ‘साठी’ स्वस्थ बसू देत नाही आणि ती ‘फॉर मीटिंग अवर सन’ म्हणते. ‘फॉर’पुढे क्रियापदाचे ‘इंग’वाले रूप येते ते मुख्यतः वस्तूचा उपयोग सांगताना. किसणी खोबरे किसण्यासाठी असते, तिथे ‘फॉर’ शोभतो. माणूस काय करायला आला, याला ‘टू’च हवा. शिवाय अधिकाऱ्याच्या कानावर त्या वाक्यातले ‘मीटिंग’ तेवढे पडते. मीटिंगा हा बी-1 व्हिसाचा प्रांत आणि मुलाकडे राहणे हा बी-2 चा. पासपोर्टात दोन्ही एकत्र छापलेले असले तरी प्रवेशाची नोंद एकाखालीच होते. मग कंपनी कोणती, धंदा कसला, अशी चौकशी सुरू होते, आणि निवृत्त माणसाला तिची उत्तरे देण्यात उगाच गोडी वाटू लागते. ‘इन ऑर्डर टू’चा अर्थ ‘टू’सारखाच, पण तो अर्जात बरा. तोंडी वापरला तर समोरचा आपोआप सावरून बसतो.

कारणाच्या बाबतीत अडचण शब्दाची कमी आणि क्रमाची जास्त. इंग्रजी बोलणारा बहुधा झाले काय ते आधी सांगतो, मग ‘बिकॉज’ लावून कारण. पुणेरी निवेदनात कारण आधी येते आणि त्याच्याही आधी त्या कारणाचे कारण. दवाखान्यात उशिरा पोहोचल्यावर ‘रात्री थंडी फार पडली, गाडी बाहेरच होती, कारण गॅरेजमध्ये चिरंजीवांनी खोकी भरून ठेवली आहेत, त्यामुळे ती चालू होईना, म्हणून उशीर झाला’ हे सगळे इंग्रजीत उतरवेपर्यंत पुढचा रुग्ण आत जातो. ‘वी आर लेट बिकॉज द कार डिडन्ट स्टार्ट’ एवढे पुरे. खोक्यांचा उल्लेख सर्वथा गाळावा. ‘बिकॉज’ने वाक्य सुरू केल्यास पुढच्या भागात ‘सो’ घालू नये. एका कारणाला दोन पावत्या लागत नाहीत.

‘सिन्स’ जपून वापरावा. तो ‘पासून’ही आहे आणि ‘ज्या अर्थी’ही. ‘सिन्स शी केम, ही डझन्ट कॉल’ या वाक्यात शेजारीण नुसता काळ ऐकते, बोलणारीला आरोप करायचा असतो, आणि स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या सूनबाईंना दोन्ही अर्थ कळतात. ‘ड्यू टू’पुढे नाम हवे, अख्खे वाक्य नको: ‘ड्यू टू रेन’ बरोबर, ‘ड्यू टू इट वॉज रेनिंग’ चूक. तो कुठे चालतो यावर फाउलर यांनी 1926 सालच्या आपल्या कोशात नाक मुरडले होते. जग त्यानंतर पुढे गेले, पण बाबांसारखे वाचक फाउलरच्याच बाजूने उभे राहतील असा अंदाज आहे. त्यांना नातवाचे इंग्रजी आधीच ऐकवून ठेवलेले बरे. ‘का जेवला नाहीस?’ याला त्याचे उत्तर ‘बिकॉज होमवर्क’. मधला ‘ऑफ’ हरवलेला नाही. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने 2013 सालचा शब्द म्हणून ‘बिकॉज’ निवडला, तो याच नव्या वापरामुळे. ज्येष्ठांनी हा प्रकार ऐकावा, उच्चारू नये.

‘सो’ आणि ‘सो दॅट’ यांत एका घासाचे अंतर आहे. सूनबाईंनी भाजीत तिखट कमी घातले, ‘सो’ नातू जेवला: इथे ताट रिकामे झालेले आहे. तिखट कमी घातले ‘सो दॅट’ त्याने जेवावे: इथे फक्त इच्छा आहे, ताटाचे काय झाले ते वाक्य सांगत नाही. या घरात दुसरे वाक्य अधिक वेळा लागते.

राहिला ‘इन केस’. पुढे काही घडलेच तर आधीपासून तयारी असावी, हा त्यातला हेतू, आणि पुण्याच्या बॅगा बहुतांशी त्यावरच भरल्या जातात. मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी इन केस. खाण्याचे पदार्थ आहेत का, या कस्टम्सच्या प्रश्नाला ‘यस’ म्हणावे, ते जाहीर करणे बंधनकारक असते. एवढी चटणी कशाला, असे विचारलेच तर उत्तर ‘टू ईट’. सूनबाईंना आवडते, हे कारण आहे. ते घरी आल्यावर सांगावे.

कळावे, लोभ असावा.
न्यू जर्सी शाखा